तिथीची पाऊणपट

सोलापूरहून समुद्र रात्रभराच्या प्रवासावर आहे, पण त्याचं वेळापत्रक इथल्या घरोघरी खिळ्याला टांगलेलं असतं. दाते पंचांग याच गावातून निघतं. त्यात मुहूर्त पाहणारे पुष्कळ, भरती-ओहोटी पाहणारे कमी. तिथीची पाऊणपट काढायची, की कोकणकिनाऱ्यावर त्या दिवशी पूर्ण भरती किती वाजता, ते कळतं. तृतीया असेल तर तीनची पाऊणपट सव्वादोन. दुपारी सव्वादोनला पाणी भरलेलं असणार. तिथून सव्वासहा तास मागे आलं की सकाळी आठला ओहोटी. पक्ष शुद्ध असो की वद्य, आकडा तोच. गफलत होते ती अमावस्येला. पंचांगात तिच्यापुढे ३० छापलेलं असतं आणि नवखा माणूस साडेबावीस काढून बसतो. अमावस्येलाही १५च धरायचे. उत्तर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून गावात पोचल्यावर एखाद्या कोळ्याला विचारून पक्कं करावं.

ही आकडेमोड पोहायला जाणाऱ्यांना फारशी लागत नाही. एका गावाहून दुसऱ्या गावाला वाळूवरून चालत जायचं, तर हिच्यावाचून पाऊल टाकू नये. दापोली तालुक्यातला कर्दे ते हर्णै हा टप्पा घ्या. कर्द्याहून मुरूड, पुढे साळदुरे-पाळंदे, मग हर्णै. साधारण आठ-नऊ किलोमीटर, निवांत चालीने चार तास. कर्दे-मुरूड हा पट्टा सरळ, सपाट आणि सोपा. पण कोकणात दोन गावांच्या मध्ये बहुधा एखाद्या पऱ्ह्याचं, म्हणजे ओढ्याचं, तोंड नाहीतर डोंगराचं नाक असतं, आणि नाकाखाली खडप, म्हणजे खडकाळ किनारा. ओहोटीला पऱ्ह्यात घोटाभर पाणी. भरतीला तेच मांडीला लागतं आणि तळाचा गाळ पाय धरून ठेवतो. खडपाच्या बाजूने ओहोटीला वाट सापडते, भरतीत ती नसतेच. पाणी चढायला लागलं की खडपावरून पुढे रेटू नये, मागे फिरून वरचा डांबरी रस्ता धरावा. दोन किलोमीटर जास्त पडतील, पडू द्यावेत.

म्हणून तिथी निवडायची. पंढरपूरच्या जिल्ह्यातल्या माणसाला एकादशी सोयीची वाटेल, पण अकराची पाऊणपट सव्वाआठ: ऐन सकाळी भरती आणि ओहोटी दुपारी अडीचला, मे महिन्याच्या उन्हात. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. शिवाय त्या सुमाराला भांग असतो, पाणी फारसं चढतही नाही आणि मागे हटतही नाही, त्यामुळे वाळूचा पट्टा अरुंद. द्वितीया-तृतीया सगळ्यात चांगल्या. अमावस्या-पौर्णिमेनंतरचं उधाण अजून ओसरलेलं नसतं, त्यामुळे सकाळची ओहोटी खूप आत जाते. त्या हिशोबाने अक्षय्य तृतीया हा चालण्यासाठीही मुहूर्तच. सहाला कर्दे सोडलं तर दहापर्यंत हर्णै गाठता येतं, आणि पाणी वळलं तरी आपल्या हाताशी अवकाश असतो.

सकाळच का, याला दुसरंही कारण आहे. हा पश्चिम किनारा. सूर्य डोंगराआडून वर येतो आणि सुरू-माडांची सावली वाळूवर पडते. दुपारनंतर ऊन समुद्राच्या बाजूने तोंडावर येतं आणि सावली मागे आगरात, म्हणजे माडांच्या वाडीत, निघून जाते. वाऱ्याचंही तसंच. पहाटे जमिनीवरून मतलई वारा हलकासा असतो, अकराच्या सुमाराला खारा वारा सुटतो. मे महिन्यात तो वायव्येकडून येतो, आणि उत्तरेला चालणाऱ्याच्या डोळ्यांत वाळू घालतो.

आता उन्हाविषयी. ४२ अंशांत भर दुपारी लग्नाची वरात काढणाऱ्या गावाला ३३ अंशांचं काय, असं वाटतं. इथेच सोलापूरकर फसतो. आपल्याकडे हवा कोरडी. घाम येतो तसा उडून जातो आणि अंग गार ठेवतो. ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर २४ च्या आसपास थांबतो. किनाऱ्यावर ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत तोच २९ दाखवतो. अंगाला कळतो तो हा ओल्या फडक्याचा आकडा. डोक्याला ओला पंचा बांधायची आपली युक्ती तिथे निम्मीही चालत नाही. पंचा वाळत नाही, नुसता जड होतो. टोपी बरी. घाम वाळत नाही म्हणून कपडा मांड्यांना घासतो. निघण्याआधीच खोबरेल तेल चोळावं, चट्टे पडल्यावर नव्हे. पाणी माणशी तीन लिटर. त्यातल्या एका लिटरमध्ये सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. शहाळं जरूर प्यावं, पण त्यात मीठ नगण्य असतं. नुसत्या शहाळ्यांवर चाललं की पोटऱ्यांत गोळे येतात.

शिदोरीत शेंगाचटणी हवीच: तेल, मीठ, तिखट, सगळं एकाच पुडीत. कडक भाकरीचं मात्र जपून. सोलापुरात आठवडाभर कुरकुरीत राहणारी भाकरी किनाऱ्यावर तासाभरात सादळते आणि चामड्यासारखी ओढावी लागते. घट्ट झाकणाचा डबा, आणि तो एकदाच उघडायचा. चादर नेऊ नये. चादरीबद्दलचा अभिमान घरी ठेवावा. ती भिजली की दिवसभर वाळत नाही.

पायांत मागे पट्टा असलेले रबरी सँडल. बुटात वाळू साचते, कातडी चप्पल खाऱ्या पाण्याने खराब होते. पाण्याच्या कडेची ओली वाळू घट्ट असते, तिथे अनवाणी चाललेलं उत्तम. वरच्या कोरड्या वाळूत तेवढ्याच अंतराला दुप्पट दम लागतो. खडपावर मात्र अनवाणी मुळीच नाही. कालवांच्या शिंपल्यांची धार ब्लेडची असते, आणि हिरवं शेवाळ दिसलं की तिथून न जाणं बरं. मोटार वाळूवर उतरवणाऱ्यांबद्दल काय लिहायचं? भरती येते, चाकं रुततात, आणि मग सगळं गाव दोर धरतं.

हर्णैला पोचल्यावर समोर पाण्यात सुवर्णदुर्ग आणि किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड, गोवा किल्ला. कनकदुर्गावर दीपगृह आहे. बारा ते चार चालू नये. जेवून आडवं व्हावं, किंवा रिक्षाने आसूदला जावं. तिथे केशवराजाच्या देवळाची वाट साकव ओलांडून पोफळीच्या सावलीतून चढते.

संध्याकाळी हर्णैच्या वाळूवर मासळीचा लिलाव. मोठ्या होड्या दूर नांगरतात, माल लहान होड्यांतून आणि बैलगाड्यांतून येतो, आणि ढिगांची बोली तोंडी लागते. उभं राहायचं ते बाजूला, पाट्या वाहणाऱ्यांच्या वाटेत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी, म्हणून मेअखेर गेलात तर होड्या वर ओढायची लगबग दिसते, मासळी थोडी. ताजी मासळी सोलापूरपर्यंत नेण्याच्या फंदात पडू नये. वाटेत बर्फ दोनदा बदलावा लागतो. सुका जवळा, सुके बोंबील घ्यावेत. घेताना मुठीत दाबून पाहावं: हाताला ओल लागली तर वाटेतच बुरशी धरेल. पिशवी दुहेरी, तोंड सुतळीने आवळलेलं, आणि गाडीत ती आपल्याच पायाशी.