आजोबांचं मत आणि आजीची पाटली

मे 2025 मध्ये भारत-पाकिस्तान शस्त्रसंधी झाली त्या संध्याकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर नुसता शिमगा चालला होता. "आता थांबायचं कशाला", "घुसा ना एकदाचे" वगैरे, आणि हे लिहिणारा आमचा आत्तेभाऊ सोसायटीत पार्किंगवरून कोणी आवाज चढवला तरी गुपचूप गाडी काढून घेतो. तिकडे परराष्ट्र सचिव विक्रम मिस्रींना इतकं ट्रोल केलं की त्यांना एक्सवरचं अकाउंट लॉक करावं लागलं. निर्णय सरकारचा, शिव्या मात्र सांगायला आलेल्या माणसाला!

मला 1962 चं चीन युद्ध आठवलं. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण आमच्या घरात त्या सालाचा विषय निघाला की आजोबा पेपर तोंडासमोर धरायचे.

लोक म्हणतात नेहरू भोळे होते, चीनने फसवलं, विषय संपला. पण मला त्यातला जनमताचा भाग जास्त इंटरेस्टिंग वाटतो. चीनने लडाखच्या अक्साई चीन भागातून रस्ता काढला, 1957 मध्ये तो पूर्ण झाल्याचं जाहीरही केलं, आणि आपल्याकडे संसदेला हे सगळं नीट कळलं 1959 मध्ये, म्हणजे तोवर 'हिंदी-चिनी भाई भाई' चालूच. मग श्वेतपत्रिका निघाली, ऑक्टोबरमध्ये लडाखमध्ये आपले पोलीस मारले गेले आणि लोक भडकले ते भडकलेच. (तिथे गवताचं पातंही उगवत नाही हे नेहरूंचं वाक्य तेव्हापासून त्यांना जे चिकटलंय ते आजपर्यंत.)

एप्रिल 1960 मध्ये चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय दिल्लीला आले. पूर्वेकडचं (आजचं अरुणाचल) तुम्ही ठेवा, पश्चिमेकडचं (अक्साई चीन) आम्ही ठेवतो, असा साधारण सूर. तो सौदा चांगला होता की वाईट यावर आजही भांडणं होतात, मला त्यात पडायचं नाही. पण नेहरूंना समजा करावासा वाटला असता तरी ते करू शकले असते का? त्याच्या महिनाभर आधीच बेरूबारी प्रकरणात (पश्चिम बंगालमधला तो भाग पाकिस्तानला द्यायचा वाद) सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की देशाची जमीन दुसऱ्याला द्यायची तर घटनादुरुस्ती लागेल, आणि रस्त्यावर, पेपरात, लोकसभेत वातावरण असं की नुसतं 'देवाणघेवाण' म्हटलं तरी गद्दार ठरायचं. आधी लोकांपासून लपवलं म्हणून नंतर लोकांनी एक इंच ढील दिली नाही, असं माझं मत.

आणि मग 12 ऑक्टोबर 1962. कोलंबोला निघताना नेहरू पत्रकारांना सांगून बसले की आपला भाग मोकळा करायचे आदेश सैन्याला दिलेत. पेपरांना हेडलाईन मिळाली. तिकडे सीमेवर जवानांकडे धड थंडीचे कपडे नाहीत, हातात जुन्या थ्री नॉट थ्री रायफली. 20 तारखेला चीनने हल्ला केला.

आता आजोबा. त्याच वर्षी फेब्रुवारीत उत्तर मुंबईतून संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उभे होते, समोर आचार्य कृपलानी, प्रचारात चीनचाच मुद्दा, आणि मेनन जवळपास दुप्पट मतं घेऊन आले. म्हणजे मुंबईकरांनी ऐकून, समजून निवडून दिलं. 7 नोव्हेंबरला त्याच मेननना जावं लागलं, अख्खा देश त्यांच्या नावाने बोटं मोडत होता, त्यात मुंबईही. मग यशवंतराव दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री वगैरे, ते आपल्याला पाठच आहे.

आजीने तेव्हा संरक्षण निधीला एक पाटली दिली. लग्नातली. दुसरी तिच्या हातात मी शेवटपर्यंत बघितली, एकटीच.

आजोबा मेननना जन्मभर शिव्या घालत राहिले. ते गेल्यावर एकदा आजी सहज बोलून गेली, "अरे मत त्यांनाच दिलं होतं यांनी, सभेलाही गेले होते, मला पण नेलं होतं."