मत नसलेल्यांचं मागणीपत्र

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. ते शाळेच्या वेळेत आलं की हंडे-बादल्या भरायला घरातली मोठी मुलगी मागे राहते. महापालिकेच्या कारभाराचा फटका तिला थेट बसतो, पण मतदार यादीत तिचं नाव नाही. ६१व्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं, त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. कायदा बदलायची वाट बघत बसण्यापेक्षा प्रभागातल्या सगळ्या उमेदवारांपुढे मुलांचं मागणीपत्र ठेवणं आजच शक्य आहे. मात्र ते मुलांचंच असायला हवं, सरांनी लिहून दिलेलं नको.

घोळ बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर, म्हणजे मुलांकडून विषय निवडून घेताना होतो. ‘हात वर करा’ म्हटलं की दोन-तीन बोलक्या मुलांकडे बघून बाकीचे हात वर जातात, आणि स्वच्छतागृहाचा विषय मुली सगळ्यांसमोर काढतच नाहीत. म्हणून मतदान गुप्तच घ्या. खरे पक्ष, उमेदवार किंवा त्यांची चिन्हं आणू नका, घरातली भांडणं वर्गात शिरतात. मत विषयाला द्यायचं.

ए-फोर कागदाचे दोन तुकडे करा. प्रत्येक तुकड्यावर सहा चौकटी आखा आणि चौकटीत चित्र काढून खाली एकच शब्द लिहा: नळ, बस, गटार, दिवा, मैदान, स्वच्छतागृह. घरात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुलं एकाच गल्लीत असतात, त्यांना चित्र लगेच कळतं. शिक्क्याऐवजी टिकल्या वापरा. प्रत्येकाला तीन टिकल्या, तिन्ही वेगवेगळ्या चौकटींत. चाळीस मुलांना १२० पुरतात. टिकल्या एकाच रंगाच्या आणि एकाच आकाराच्या घ्या, नाहीतर कोणाचा कागद कोणता हे लगेच ओळखू येतं. जुन्या पाकिटातल्या टिकल्या खोक्यात गळून पडतात, म्हणून ताजं पाकीट आणा आणि अंगठ्याने दाबायला सांगा. तीनपेक्षा कमी टिकल्या असल्या तरी मत धरा, जास्त असल्या तर बाद. मुली आणि मुलगे यांचे खोके वेगळे ठेवा. दिवा आणि स्वच्छतागृह यांची मतं मुलींच्या खोक्यात जास्त निघाली, तर मागणीपत्रात तसं लिहिता येतं. एकत्र मोजणीत ते बुडून जातं.

पहिले तीन विषय घ्या, बाकीचे सोडा. आता प्रत्येक मागणी नगरसेवकाच्या आवाक्यात आहे का ते तपासा. जड वाहनांना शहरात कोणत्या वेळी बंदी घालायची ते पोलीस आयुक्तालय ठरवतं, एसटी राज्याची. सिटी बस मात्र महापालिकेची. ‘पाणी द्या’ या मागणीला सगळेच हो म्हणतात आणि विसरतात. त्याऐवजी ‘आमच्या गल्लीत पाणी सोडायची वेळ आदल्या दिवशी कळवा, आणि ती शाळेच्या वेळेत नको’ असं लिहा. दिव्याची मागणी असेल तर खांब कुठला, कोणत्या दुकानासमोरचा, तेही लिहा.

अर्ज मागे घ्यायची मुदत संपली की उमेदवारांची यादी पक्की होते. त्यानंतर प्रभागातल्या प्रत्येकाला तोच कागद द्या. चार जागांच्या प्रभागात मतदार प्रत्येक जागेसाठी वेगळं मत देतो, त्यामुळे अ, ब, क, ड या चारही जागांचे उमेदवार आले पाहिजेत, अपक्षांसकट. एकाला जरी वगळलं तरी मुलं अमक्या पक्षाची म्हणून बोभाटा होतो. कागद पालकांनी किंवा वाचनालयाच्या कार्यकर्त्यांनी न्यावा. मुलांना प्रचारफेरीत नेणं, पत्रकं वाटायला किंवा घोषणा द्यायला लावणं नको. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रचारात मुलांच्या वापराविरुद्ध कडक सूचना काढल्या आहेत. उमेदवारासोबत मुलांचा फोटोही टाळा, दुसऱ्या दिवशी तो प्रचारात फिरतो. उत्तर लेखी मागा आणि सगळ्यांची उत्तरं, न देणाऱ्यांच्या नावांसकट, एकाच फलकावर लावा.

सतरा पूर्ण झालेल्यांचं काम वेगळं. त्यांना नमुना ६, म्हणजे मतदार यादीत नाव घालायचा अर्ज, आगाऊ भरता येतो. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर यांपैकी ज्या तारखेला अठरा पूर्ण झालेली असतील, त्या तारखेपासून नाव घेतलं जातं. जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र चालतं. आडनावाचं स्पेलिंग आधार आणि प्रमाणपत्र यांत वेगळं असेल तर आधी तो फरक काढून घ्या, नाहीतर बीएलओच्या, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, पडताळणीत अडकतं. वसतिगृहात राहणाऱ्यांनी गावची यादी किंवा इथली, एकच निवडावी.

आणि घाई करा. महापालिकेसाठी वेगळी यादी बनत नाही. राज्य निवडणूक आयोग ठरलेल्या तारखेची विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांत फोडतो. जानेवारी २०२६ च्या मतदानाला १ जुलै २०२५ ची यादी होती, त्यामुळे ऑगस्टमध्ये अठरा झालेल्यांना त्या वेळी मत देता आलं नाही.