टीके४-वरून टीके५ कडे: कॅटलॉगने धरून ठेवलेली डिस्क

लिस्टकॅटने, म्हणजे कॅटलॉग (कोणती फाइल कोणत्या डिस्कवर याची सिस्टिमची नोंदवही) छापणाऱ्या कमांडने, अखेर नव्या सिस्टिमवर माझ्या फाइलींची नावं दाखवली. पुस्तकसूचीचा मुख्य क्लस्टर (व्हीसॅमची एक फाइल), त्याचा डेटा, त्याचा इंडेक्स, सगळं जागच्या जागी आणि कंडिशन कोड शून्य. टीके४- आणि टीके५ ही आयबीएमच्या एमव्हीएस ३.८जे या जुन्या मेनफ्रेम ऑपरेटिंग सिस्टिमची, हर्क्युलिस इम्युलेटरवर चालणारी तयार पॅकेजेस. मागच्या नोंदीत मी ऐटीत लिहिलं होतं की टीके४- अपडेट ८ वरची किक्स (टर्मिनलच्या पडद्यावरून प्रोग्राम चालवणारी प्रणाली) आणि तिच्या व्हीसॅम फाइली (कीवरून रेकॉर्ड शोधता येणाऱ्या) टीके५ वर नेणं म्हणजे डिस्कची फाइल उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवणं. ज्यांनी तेव्हाच नकारार्थी मान हलवली असेल, त्यांना ही नोंद वाचून बरं वाटेल.

आधी सोपा भाग उरकतो. किक्स १.५.० नव्या सिस्टिमवर निमूट बसली. कोबॉलचे सोर्स तेच, बीएमएसचे नकाशे (पडद्यांचे आराखडे) पुन्हा असेंबल केले, पीसीटी, पीपीटी आणि एफसीटी (ट्रान्झॅक्शन, प्रोग्राम आणि फाइली यांची कोष्टकं) जुन्या मेंबरांवरून जशाच्या तशा घेतल्या. किकइन्ट्रा आणि किकटेम्प या किक्सच्या स्वतःच्या दोन फाइली ओढत नेल्या नाहीत, नव्यानेच बांधल्या. त्यांत जपून ठेवण्यासारखं काही नसतं. ट्रान्झॅक्शन टाइप केला, पडदा उमटला, एंटर मारलं आणि फाइल उघडत नसल्याचा निरोप आला. इथे घोडं पेंड खायला बसलं ते बसलंच.

माझा पुस्तकसूचीचा सगळा डेटा एका ३३५० (आयबीएमचा जुना प्रकार) डिस्कवर होता. हर्क्युलिसच्या कॉन्फिगरेशनमध्ये एक ओळ वाढवली, आयपीएल केलं (सिस्टिम सुरू केली), व्हॉल्यूम, म्हणजे ती डिस्क, माउंट केला. व्हीटीओसी (डिस्कवरची अनुक्रमणिका) छापली तर व्हीसॅमच्या स्पेसची झेडने सुरू होणारी ती कुरूप नावं दिसतात. म्हणजे डेटा डिस्कवर आहे. लिस्टकॅट मात्र म्हणतं, असं काही माझ्याकडे नाही. बरं, निदान त्याच डिस्कवर उरलेल्या जागेत नवी स्पेस घ्यावी म्हणून डिफाइन स्पेस चालवलं, तर आयडीसी३००९आय, हा कॅटलॉगचा त्रुटीचा निरोप. जुनं दिसत नाही आणि नवं करू देत नाही.

एमव्हीएस ३.८जे मधलं व्हीसॅम हे आयसीएफ या नंतरच्या कॅटलॉग-रचनेच्या आधीचं आहे, आणि त्या काळचा एक नियम लोखंडी आहे: ज्या व्हॉल्यूमवर व्हीसॅमचं काहीही आहे, त्याचा मालक एकच कॅटलॉग. त्या डिस्कवरच्या सगळ्या व्हीसॅम वस्तूंची नोंद त्याच कॅटलॉगमध्ये हवी. मालकीची खूण डिस्कच्या व्हीटीओसीत, फॉरमॅट-४ डीएससीबी या नोंदीमध्ये असते, आणि त्या डिस्कवरच्या जागेचा हिशेब कॅटलॉगमध्ये. पुढे आयसीएफ आलं, प्रत्येक व्हॉल्यूमवर व्हीव्हीडीएस (त्या व्हॉल्यूमवरच्या व्हीसॅमच्या नोंदींची फाइल) आला आणि हा जाच संपला. पण आपण छंदवाले ३.८जे वर राहतो, तेव्हा हा जाच आपलाच.

माझ्या डिस्कचा मालक होता जुन्या सिस्टिमचा मास्टर, म्हणजे मुख्य, कॅटलॉग. नव्या मास्टरला ती डिस्क परक्याची वाटते आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. डिलीट स्पेसला फोर्स जोडला तर मालकी पुसली जाते, पण तिच्याबरोबर व्हीसॅम स्पेस आणि त्यातला डेटाही जातो. हा उपाय सुचवणाऱ्यांनी तो आधी स्वतःच्या डिस्कवर करून पाहावा.

पहिला विचार आला तो जुना मास्टरच नव्या सिस्टिमला यूजर कॅटलॉग (मास्टरला जोडलेला दुय्यम कॅटलॉग) म्हणून जोडण्याचा. इम्पोर्ट कनेक्टने एका सिस्टिमचा मास्टर दुसऱ्या सिस्टिमला यूजर कॅटलॉग म्हणून जोडता येतो, आणि पूर्वी खऱ्या यंत्रांवरही लोक अडल्यावर हेच करत. पण मग जुन्या सिस्टिमच्या सगळ्या डिस्कांच्या नोंदी असलेला तो अख्खा डोलारा माझ्या नव्या, स्वच्छ सिस्टिमच्या गळ्यात कायमचा पडणार. अपग्रेड करायचं आणि जुनं बिऱ्हाड पाठीवर वागवायचं, हे काही पटेना.

दुसरा विचार रेप्रो या कॉपी करणाऱ्या कमांडचा: सगळे रेकॉर्ड एका सपाट अनुक्रमी फाइलमध्ये उतरवायचे आणि पलीकडे पुन्हा भरायचे. चालतं, प्रश्नच नाही. पण रेप्रो फक्त रेकॉर्ड नेतं. की कुठे सुरू होते, ती किती लांब, फ्रीस्पेस किती, सीआयचा (एका वेळी वाचल्या-लिहिल्या जाणाऱ्या ब्लॉकचा) आकार काय, हे सगळं लिस्टकॅटच्या कागदावरून वाचून हाताने डिफाइन लिहायचं. दोनचार क्लस्टर असतील तर ठीक, त्यापुढे कंटाळा.

त्याहून बरा एक्स्पोर्ट. क्लस्टरची व्याख्या आणि डेटा दोन्ही एकत्र टेपवर जातात, आणि आपल्याकडे टेप म्हणजे होस्टवरची एक एचईटी (हर्क्युलिसच्या टेपची) फाइल. एक गोष्ट लाल अक्षरात लिहून ठेवा: एक्स्पोर्टचा डिफॉल्ट परमनंट आहे. म्हणजे कॉपी काढून झाली की मूळ क्लस्टर कॅटलॉगमधून उडतो. टेम्पररी लिहिलंत तरच मूळ जागेवर राहतं. हा डिफॉल्ट ज्याने कुणी ठरवला, त्याची टेप ड्राइव्हवर अढळ श्रद्धा असणार.

एक्स्पोर्ट जुन्या सिस्टिमवर चालवून टेप नव्यावर इम्पोर्ट केली असती तरी काम भागलं असतं. आधी तेच ठरलं होतं. पण जेसीएल (जॉब चालवण्याच्या आज्ञा) लिहिता लिहिता डोक्यात आलं की यात पुढच्या अपग्रेडला पुन्हा हेच दुखणं. डिस्कचा मालक पुन्हा मास्टरच राहणार, फक्त नव्या सिस्टिमचा. म्हणून योजना तिथेच बदलली.

नवी योजना अशी. जुन्या सिस्टिमवरच एक कोरी ३३५० डिस्क हर्क्युलिसच्या डॅसडइनिटने बनवली. तिच्यावर सगळ्यात आधी यूजर कॅटलॉग डिफाइन केला. म्हणजे ही डिस्क जन्मापासून त्या कॅटलॉगच्या मालकीची, आणि तो कॅटलॉग बसलाय त्याच डिस्कवर. मग तिथेच डिफाइन स्पेस, आणि टेपवरून इम्पोर्ट. इम्पोर्ट करताना ऑब्जेक्ट्समध्ये न्यूनेम देऊन पुस्तक हा नवा पहिला क्वालिफायर (नावाचा पहिल्या टिंबाआधीचा भाग) लावला. इथे लक्ष ठेवा: क्लस्टरला नवं नाव दिलं म्हणून डेटा आणि इंडेक्स यांची नावं आपोआप बदलत नाहीत. तिन्हींना वेगवेगळं न्यूनेम द्यावं लागतं.

नंतर जुनी सिस्टिम नीट बंद केली, ती एक डिस्क फाइल टीके५ च्या फोल्डरमध्ये ठेवली आणि इम्पोर्ट कनेक्ट चालवलं. कॅटलॉगचं नाव, व्हॉल्यूम आणि डिव्हाइस टाइप ३३५०, एवढंच त्याला हवं असतं. लिस्टकॅटला कॅटलॉगचं नाव देऊन विचारलं आणि वर सांगितलेली ती यादी आली. छापील यादी मी जपून ठेवली आहे, हसू नका.

टीएसओतून (टर्मिनलवरच्या सेशनमधून) किक्स सुरू केली तर फाइल पुन्हा गायब! बॅचमध्ये स्टेपकॅट (कोणत्या कॅटलॉगमध्ये शोधायचं ते सांगणारी जेसीएलची ओळ) दिलं की सापडते, किक्समध्ये नाही. कारण उघड आहे: किक्स टीएसओच्या पोटात चालते, सीलिस्टमधला (कमांडच्या यादीतला) अॅलोकेट नाव शोधायला मास्टरकडेच जातो, आणि पुस्तक हा क्वालिफायर कोणत्या यूजर कॅटलॉगचा ते मास्टरला कुणी सांगितलेलं नाही. डिफाइन एलियस, रिलेट, एक ओळ, आणि तो क्वालिफायर या यूजर कॅटलॉगशी जोडला गेला. लॉगऑन प्रोसिजरमध्ये स्टेपकॅट घुसडणारेही आहेत. मला ते आवडत नाही, कारण मग त्या सेशनमधला प्रत्येक शोध आधी त्या कॅटलॉगवरून फिरून येतो. डेटासाठी वेगळा क्वालिफायर घेण्याचा फायदाही इथेच कळला. प्रोग्रामच्या लायब्ररी जुन्याच नावाने मास्टरमध्ये राहिल्या, एलियसच्या वाटेला त्या आल्याच नाहीत. आणि एफसीटीला फक्त डीडीचं (फाइल जोडून देणाऱ्या ओळीचं) नाव माहीत असल्यामुळे एकाही प्रोग्रामला हात लावावा लागला नाही. बदल झाला तो फक्त सीलिस्टमध्ये.

शेवटचा अडथळा ९१३ चा, म्हणजे परवानगी नसल्याने काम बंद पडण्याचा. बॅकअपची अनुक्रमी फाइल त्याच नव्या क्वालिफायरखाली लिहायला गेलो आणि आरएकेएफ या सुरक्षाव्यवस्थेने दार लावून घेतलं. प्रोफाइलच्या मेंबरमध्ये ओळ घातली, आरएकेएफप्रोफ चालवलं, सुटलं. त्यानंतर पडद्यावर दाखल क्रमांक टाकला आणि पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशन वर्ष झळकलं तेव्हा खुर्चीतून उठून एक फेरी मारून आलो.

इतकं झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली आणि अपग्रेडचा उरलेला आराखडा पुन्हा बदलला. मास्टरमध्ये यूजर कॅटलॉगची नोंद म्हणजे नाव, व्हॉल्यूम आणि डिव्हाइस, यापलीकडे फारसं काही नाही. मग एकच यूजर कॅटलॉग जुन्या आणि नव्या अशा दोन्ही मास्टरना जोडलेला ठेवायला हरकत काय? डिस्कची फाइल एका वेळी एकाच सिस्टिमच्या कॉन्फिगरेशनमध्ये असली की झालं. म्हणजे एकाच दिवशी सगळं हलवण्याची गरजच उरली नाही. आज टीके५ वर तालीम, बिनसलं तर दोन्हीकडे शटडाउन, ओळ इकडची तिकडे, आणि जुनी किक्स त्याच डेटावर पुन्हा चालू. दोन्ही सिस्टिम एकाच वेळी चालवून त्या डिस्कवर लिहू देणं मात्र नाही म्हणजे नाही. दोघींना एकमेकींच्या एन्क्यूचा (फाइल अडवून ठेवणाऱ्या कुलपाचा) पत्ता नसतो.

परत फिरण्यासाठी मी आधी हर्क्युलिसच्या शॅडो फाइलींवर (मूळ डिस्कला हात न लावता बदल वेगळे ठेवणाऱ्या) विसंबणार होतो. एसएफ+ ने नवी शॅडो घ्यायची, प्रयोग करायचा, फसला तर न मिसळता टाकून द्यायची. साधन फार सुरेख आहे, माझ्या मते हर्क्युलिसमधलं सर्वांत कमी वापरलं जाणारं. पण व्हीसॅमच्या बाबतीत एकाच डिस्कची शॅडो मागे घेतली आणि तिचा कॅटलॉग दुसऱ्या डिस्कवर पुढे निघून गेलेला असला, तर दोघांचे टाइमस्टॅम्प जुळत नाहीत. म्हणून एसएफ कमांडला नेहमी तारांकन लावून सगळ्या डिस्का एकदम. कॅटलॉग आणि डेटा एकाच डिस्कवर असला की ही धास्तीही जवळपास संपते; ती एक फाइल कॉपी केली की अख्ख्या डेटाबेसचा सुसंगत बॅकअप झाला. सिस्टिम बंद असताना केली तर, हे सांगायला नकोच. इम्युलेटर मध्येच मारला असेल तर ओपनला ११६ (फाइल नीट बंद झाली नव्हती) येतो, मग व्हेरिफाय चालवा आणि पुढे जा.

रिकव्हरेबल कॅटलॉग घ्यावा का, असं काहींनी विचारलं होतं. मी घेतला नाही. प्रत्येक व्हॉल्यूमवर सीआरए (कॅटलॉगच्या नोंदींची दुसरी प्रत) ठेवायचा आणि प्रत्येक बदल दोनदा लिहायचा, ही चैन मोठ्या डेटा सेंटरला शोभते. आपला बॅकअप होस्टवरच्या कॉपी कमांडने होतो.

आता राहिला आल्टर्नेट इंडेक्स. लेखकावरून शोधण्याचा. बेस क्लस्टरच्या एक्स्पोर्टबरोबर तो येत नाही, त्याला वेगळं न्यावं लागतं. मी तर तो नव्याने डिफाइन करून बिल्डइंडेक्सनेच उभा करणार आहे. तेवढ्यात रेकॉर्डसाइजही दुरुस्त होईल. केएसडीएसवरच्या (कीच्या क्रमाने लावलेल्या फाइलीवरच्या) आल्टर्नेट इंडेक्सच्या एका रेकॉर्डची लांबी म्हणजे ५ बाइट, अधिक आल्टर्नेट कीची लांबी, अधिक त्या कीच्या प्रत्येक पुस्तकामागे एक प्राइम की (मूळ फाइलची की). माझी लेखकाची की २० बाइट आणि दाखल क्रमांक ६, म्हणजे एका लेखकाच्या १०० पुस्तकांना ६२५ बाइट. लेखक कितीही लिहिता असो, एवढ्यात मावतो. गोची होते ती लेखकाचं नावच नसलेल्या पुस्तकांची. संपादित संग्रह, कोश, स्मरणिका, सगळ्यांची की कोरी, आणि सगळी एकाच रेकॉर्डवर तुटून पडतात. रेकॉर्ड भरला की बिल्डइंडेक्स उरलेल्या प्राइम की इंडेक्सबाहेर ठेवून पुढे जातो. म्हणून कमाल लांबी वाढवण्यापेक्षा भरतीच्या पडद्यावरच नियम घालावा म्हणतो: लेखक नसेल तर प्रकाशकाची आद्याक्षरं. हे लिहिताना सुचलं, अजून प्रोग्राममध्ये नाही.

डेटा ३३९० या मोठ्या प्रकारच्या डिस्कवर नेण्याचा बेत तूर्त बाजूला ठेवला आहे. ट्रॅकला ५६,६६४ बाइट हे आकर्षण मोठं खरं, पण ३३५० वर ४०९६ चे ४ ब्लॉक प्रत्येक ट्रॅकवर, सिलिंडरला ३० ट्रॅक, एका सीएमध्ये (सीआयच्या गटात) १२० सीआय, हा हिशेब मला तोंडपाठ आहे आणि सूची एवढी मोठी नाही. कुणी ३.८जे वरच व्हीसॅम ३३९० वर नीट चालवलं असेल तर सीए स्प्लिटच्या वेळी कसं वागतं ते जरूर कळवा. तोवर मी बिल्डइंडेक्सच्या जेसीएलकडे वळतो. त्याच्या दोन सॉर्ट वर्कफाइलींसाठी यूजर कॅटलॉगची ही डिस्क द्यायची की मास्टरच्या मालकीची एखादी वर्क डिस्क, हे अजून ठरायचंय.