कागदपत्रांपासून ब्रेकपर्यंत : आमची वाटचाल

मालवाहतूकदारांची कागदपत्रे वेळेवर तयार ठेवून देणे, एवढ्याच कामापासून आमच्या छोट्या व्यवसायाची सुरुवात झाली. पासिंग (गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य असल्याची तपासणी), विमा, परमिट, पीयूसी आणि कर यांच्या तारखा आम्ही गाडीनिहाय नोंदवून ठेवत असू आणि मुदत संपण्याआधी मालकाला कळवत असू. हे काम आजही चालू आहे. मात्र डिजिलॉकर आणि एम-परिवहन या सरकारी मोबाइल अ‍ॅपवरील कागदपत्रे ग्राह्य धरावीत, अशी सूचना केंद्र सरकारने 2018 मध्ये राज्यांना दिल्यानंतर जाड फाइल गाडीत बाळगण्याची गरज हळूहळू कमी होत गेली.

त्याच सुमारास एक गोष्ट आम्हाला प्रकर्षाने जाणवू लागली होती. कागदपत्रे पूर्ण असलेली गाडीसुद्धा बंद पडलेल्या मागच्या दिव्यासाठी, गुळगुळीत झालेल्या टायरसाठी किंवा जादा मालासाठी अडवली जात असे आणि त्या वेळी अधिकाऱ्यासमोर उभा राहणारा चालक हा या सगळ्या साखळीत सर्वांत कमी अधिकार असलेला माणूस असे. माल किती भरायचा हे त्याने ठरवलेले नसते आणि टायर कधी बदलायचा हेही नाही. म्हणून आम्ही कामाची जागाच बदलली आणि जिथे गाडी भरली जाते, त्या आवारात जाऊन चालकांना प्रशिक्षण देऊ लागलो.

मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर मालक स्वतःहून आमच्याकडे येऊ लागले. कलम 194 नुसार जादा वजनासाठी 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवून घ्यावा लागतो तो वेगळाच. वजन करण्यास नकार दिल्यास दंड 40,000 रुपयांवर जातो. दोन आसांच्या (अ‍ॅक्सलच्या) ट्रकची गाडी आणि माल मिळून एकूण वजनमर्यादा 2018 मध्ये 16.2 टनांवरून 18.5 टन झाली, तेव्हा ती आपल्या जुन्या गाडीलाही आपोआप लागू झाली असे अनेकांनी गृहीत धरले होते. नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिलेले वजन हेच आपले वजन, हे पटवून देण्यात आमचा बराच वेळ गेला आणि अजूनही जातो.

तरीही आमच्या प्रशिक्षणाचा गाभा दंड हा नाही; तो ब्रेक आहे. सपाट जागेवर चाकांना गुटके लावायचे, ज्या हवेच्या दाबावर ब्रेक चालतात ती टाकीत पूर्ण भरू द्यायची, इंजिन बंद करून पार्किंग ब्रेक सोडायचा आणि क्लीनरला ब्रेकचे पेडल दाबून धरायला सांगायचे. चालक स्वतः हवेच्या दाबाच्या मीटरचा काटा बघतो. काटा खाली येत राहिला, तर हवा कुठेतरी गळते आहे. मग तो गाडीच्या बाजूने चालत, प्रत्येक चाकापाशी वाकून फुसफुस ऐकतो आणि संशय येईल त्या जोडावर साबणाचे पाणी लावतो. बुडबुडा दिसला, की वर्षानुवर्षे गाडी चालवणारा माणूसही क्षणभर गप्प होतो, कारण तोच जोड घेऊन तो घाट उतरून आलेला असतो. पुण्यातील कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल केली, की इंजिनाचा अटकाव संपतो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक पकड सोडतात. रस्त्यावरच्या तपासणीत निदान गाडी उभी तरी असते; अशा उतारावर ती थांबवताच येत नाही.

बाकीच्या बाबी शिकायला सोप्या आहेत. टायरवरील नक्षीची खोली किमान 1.6 मिलिमीटर हवी. परावर्तक पट्टी पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल असावी लागते, पण चिखलाने झाकलेली पट्टी असून नसल्यासारखीच असते. म्हणून निघण्यापूर्वी ती पुसणे हे क्लीनरचे ठरलेले काम आम्ही करून दिले. चाकाच्या नटाभोवती गंजाचे ओघळ दिसले, तर नट ढिला असण्याची शक्यता आहे, हेही चालक पटकन ओळखू लागतात.

खरी अडचण झोपेची आहे. मोटार परिवहन कामगार अधिनियम, 1961 नुसार कामाची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला आठ आणि आठवड्याला 48 तास होती; 2025 मध्ये या अधिनियमाची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. परंतु माल पोहोचवण्याची वेळ देणारा व्यापारी हा हिशेब क्वचितच करतो आणि रस्त्यावरच्या तपासणीत चालकाचा थकवा मोजला जात नाही. त्यामुळे आता मालकाशी करार करताना आम्ही एक अट लेखी घालतो : निघण्यापूर्वीच्या तपासणीत दोष आढळल्यास किंवा विश्रांती अपुरी असल्यास गाडी न काढण्याचा निर्णय चालक घेईल आणि त्यासाठी त्याचा पगार किंवा भत्ता कापला जाणार नाही. या अटीमुळे काही ग्राहक परत गेले. ज्यांनी ती मान्य केली, त्यांच्या आवारात तपासणीच्या वहीवर मालकाच्या आधी चालकाची सही होते आणि माल भरणाऱ्या मुकादमालाही आम्ही आता त्याच प्रशिक्षणात बसवतो.