बोलतात की छान

गुरुवार, रात्र. अप्पा झोपलेत, म्हणजे आत्तापुरते.

आज परत दोघं जण बघायला येऊन गेले, शहाळी घेऊन. आणि परत तेच वाक्य, "बोलतात की छान! वाचा नाही गेली हे नशीब समजा." मी दर वेळी हो म्हणते आणि चहा टाकायला आत जाते. लोकांच्या डोक्यात लकवा म्हणजे वाकडं तोंड आणि गेलेली वाचा, बास. अप्पांचा स्ट्रोक मेंदूच्या उजव्या बाजूला झाला म्हणून डावा हात-पाय गेला आणि बोलणं राहिलं, कारण बहुतेकांचं बोलणं डाव्या मेंदूत असतं. उजव्यात काय असतं ते मला तरी कुठे माहीत होतं, आता रोज थोडं थोडं कळतंय.

एक तर डावीकडचं जगच त्यांच्यासाठी उरलेलं नाही. डोळे तपासून झाले, नजर ठीक आहे, पण तिकडे लक्षच जात नाही. दाढी केली तर डावा गाल तसाच. पेपर वाचताना ओळीचा उजवा तुकडा तेवढा वाचतात आणि "काहीही छापतात हल्ली" म्हणून टाकून देतात (हे आधीपण म्हणायचे म्हणा). आणि जेवताना तर रोजचं झालंय. भाताच्या मुदीचा उजवा भाग संपतो, डावा तसाच, सुरीने कापल्यासारखा. मग आईला म्हणतात, "चटणी का नाही वाढलीस?" आता चटणी-कोशिंबीर डावीकडेच वाढतात ना, ताटात असतेच ती. पहिले काही दिवस आई बिचारी दाखवायची, ही काय अहो, तर चिडायचे की आत्ता आणून ठेवलीस. एवढ्या वर्षांच्या संसारात कधी ताटात काही कमी पडू दिलं नाही त्या बाईने. मी तिला सांगितलं अगं मनावर घेऊ नको, तो आजार आहे, त्याला नेग्लेक्ट म्हणतात. ती म्हणाली, "कळतंय गं, पण ऐकून घ्यायला मीच असते ना."

थेरपिस्ट मॅडमनी ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायला सांगितलीय, आधी लाल शोधा मग जेवा. पेपरला पण तसंच, समासात लाल रेघ. कधी चालतं कधी नाही.

रात्रीचं वेगळंच. अप्पांना आपला पाय गेलाय हे पटतच नाही. विचारलं तर म्हणतात मला काय झालंय, जरा अशक्तपणा आहे. हट्ट नाही हा, १९१४ साली बाबिन्स्की नावाच्या फ्रेंच डॉक्टरने याला नावसुद्धा दिलंय, अ‍ॅनोसोग्नोसिया. मी रात्री मोबाईलवर हेच वाचत बसते. पण नाव कळून काय, ते रात्री सरळ उठून बाथरूमला निघतात आणि पडतात. म्हणून पलंगाच्या दांडीला घुंगरं बांधलीयेत आणि मी खालीच गादी टाकून झोपते. ब्युरोचा मामा (पेशंट सांभाळायला ठेवलेला माणूस) दिवसापुरता, रात्रीचा परवडत नाही. परवा झोपेतून उठवून मला विचारलं, "हा कोणाचा हात ठेवलाय इथे?" त्यांचाच डावा हात होता. मी म्हटलं तुमचाच आहे अप्पा, तर म्हणाले छे. मला हसू आलं आणि मग बराच वेळ झोप नाही आली.

पण सगळ्यात जास्त काय लागतं सांगू, आवाज. शब्द सगळे आहेत, पण सगळे एका पट्टीत. नातीशी फोनवर "छान, अभ्यास कर" म्हणतात ते बसच्या तिकिटाचे पैसे मागितल्यासारखं. आणि समोरच्याचा सूरही ओळखता येत नाही. आधी आई नुसतं "बरं" म्हणाली तरी अप्पांना समजायचं आता दोन दिवस जपून राहायचं. आता तिच्या "बरं"चा अर्थ फक्त बरं. ती आज ताटासमोरच रडली तर म्हणाले, "आमटी गार होतेय." आई कोणाजवळ बोलत नाही, पण माणूस समोर बसलेला असताना एकटं पडणं काय असतं ते मी बघतेय. आणि हे कोणाला सांगणार, सांगितलं तर म्हणणार बोलतायत ना, मग झालं.

सल्ले मात्र भरपूर. आजच्या पाहुण्यांनी कबुतराच्या रक्ताने मालिश सुचवलं. अजून! कबुतराचा काय दोष. मी रागावले नाही, तेवढी ताकद नव्हती. राग येतो तो भलत्याच वेळी, चमचा पडला की. आणि तोही अप्पांवर, ज्यांना माझा राग ओळखताच येत नाही, म्हणजे तोही फुकट.

दादा पुण्याहून व्हिडिओ कॉल करतो, पाच मिनिटं, अप्पा व्यवस्थित उत्तरं देतात, तो खूश. वर मला विचारतो, रात्री तुला काहीच जाणवलं नव्हतं का, लवकर नेलं असतं तर ते गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळालं असतं ना. झोपेत झालेला स्ट्रोक, सकाळी कळलं, ते इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास माणसाला शेवटचं ठीक कधी पाहिलं होतं तिथून मोजतात. हे त्याला डॉक्टरांनीपण सांगितलंय, तरी विचारतो.

रविवारी येतोय तो. मॅडम म्हणाल्यात भेटायला येणाऱ्यांना मुद्दाम डाव्या बाजूला बसवा, तेवढीच मान तिकडे वळायची सवय होते. त्याची खुर्ची मी डावीकडेच ठेवणारे. मारू दे हाका.