सिनेमा आणि जेवण: आधी काय, नंतर काय

सिनेमा आणि मग बाहेर जेवण असा दोघांचा बेत ठरला की सगळा खल कुठला सिनेमा यावरच होतो. बेत फसतो तो मात्र घड्याळामुळे. शोची वेळ आपल्या हातात नसते, जेवणाची असते. त्यामुळे आधी शो पक्का करायचा आणि जेवण त्याभोवती बसवायचं. जमत असेल तर जेवण नंतरच ठेवावं. अडीच तास शेजारी बसूनही दोघांत धड एक वाक्य झालेलं नसतं, बोलायचं असतं ते टेबलावरच.

हिशोब करताना सिनेमाची छापील लांबी धरली की गोंधळ झालाच म्हणून समजा. समजा सिनेमा २ तास २० मिनिटांचा आहे आणि शो सव्वासहाचा. जाहिराती आणि ट्रेलर १५ ते २० मिनिटं खातात. जिथे मध्यंतर असतं तिथे आणखी १५. शेवटची नावं आणि दाराशी होणारी गर्दी यांची १० धरा. म्हणजे बाहेर पडायला ९:२० होतात आणि हॉटेल जवळ असेल तर टेबलावर बसायला पावणेदहा. हॉटेल साडेदहाला बंद होत असेल तर स्वयंपाकघर शेवटची ऑर्डर त्याच्या अर्धा तास आधीच घेतं. म्हणजे हातात १५ मिनिटं उरली. तेवढ्यात जमतं, पण मग मेन्यू वाचत बसायचं नाही आणि स्टार्टरपासून गोडापर्यंत सगळं एकदमच सांगून टाकायचं. टेबल राखताना ‘बंद किती वाजता होतं’ यापेक्षा ‘शेवटची ऑर्डर किती वाजता घेता’ हे विचारावं. दोन्हींची उत्तरं वेगळी येतात.

सगळ्यात अडचणीचा शो साडेसातचा. तो सुटतो साडेदहाच्या पुढे, म्हणजे नंतरचं जेवण गेलं. आधी जेवायचं तर सातला टेबल सोडायला हवं, पावणेसातला बिल मागायला हवं, म्हणजे साडेपाचला बसायला हवं. पण त्या वेळी बऱ्याच ठिकाणी दुपारचं स्वयंपाकघर बंद झालेलं असतं आणि रात्रीचं सुरू व्हायचं असतं. त्यापेक्षा रात्री दहाचा शो परवडला. साडेसातला निवांत जेवता येतं. फक्त ते हलकं ठेवावं. तुडुंब जेवून अंधारात, थंड हवेत, मऊ खुर्चीत बसलं की डोळा लागणारच, आणि तोही नेमका मध्यंतराच्या आसपास.

आता खुर्ची. तिकीट काढताना दिसणारा नकाशा मापात काढलेला नसतो. पडदा आणि पहिली रांग यांच्यात खरं अंतर किती आहे ते त्यात कळत नाही. रांगांच्या अक्षरांवरही विसंबू नये, कारण कुठे ‘ए’ पडद्याजवळ असते, कुठे एकदम मागे. एकदा थिएटरात गेलात की एक सोपी मोजणी करून ठेवा. दोन्ही हात डोळ्यांसमोर पूर्ण लांब करा, बोटं फाकवा आणि अंगठे एकमेकांना टेकवा. एका करंगळीपासून दुसऱ्या करंगळीपर्यंतच्या या दोन विती म्हणजे साधारण ४० अंश. पडदा त्यात काठोकाठ बसला तर खुर्ची उत्तम. दीड वीतच भरला तर ३० अंश, म्हणजे जरा लांब, पण चालेल. अडीच वितींच्या पुढे गेला की मान डावी-उजवी वळवावी लागते आणि तळाची अक्षरं वाचताना चित्र सुटतं. हिशोबात सांगायचं तर ४० अंशांसाठी पडद्याच्या रुंदीच्या सुमारे १.४ पट अंतर लागतं. ज्या रांगेत हे जमलं तिचं अक्षर त्या स्क्रीनच्या क्रमांकासकट फोनमध्ये लिहून ठेवा. एकाच थिएटरच्या दोन स्क्रीनमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

यात एक पाचर आहे. सिनेमा २.३९ रुंदीचा, म्हणजे उंचीच्या २.३९ पट रुंद असेल आणि पडदा १.८५ चा, तर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि चित्र छोटं पडतं. अशा वेळी नेहमीपेक्षा एक-दोन रांगा पुढे बसावं. आवाजासाठीही अगदी मागची रांग टाळलेली बरी. आवाज जुळवताना मोजणी साधारणपणे हॉलच्या दोनतृतीयांश खोलीवर, मध्यरेषेजवळ केली जाते. भिंतीलगत बसलं की शेजारचा स्पीकरच कानात बोलतो आणि पडद्यावरचे संवाद मागे पडतात. दोघांनी मध्यरेषेच्या दोन बाजूंच्या लगतच्या खुर्च्या घ्याव्यात, म्हणजे एकाला चांगली आणि दुसऱ्याला उरलेली असं होत नाही. थ्रीडीचं माझं मत विचाराल तर अंधाऱ्या दृश्यांचा सिनेमा असेल तर टूडीच बघा. चष्म्यातून डोळ्यापर्यंत येणारा उजेड टूडीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतका उरतो.

मोठ्या पडद्याचा सिनेमा पहिल्या आठवड्यातच उरकावा. दुसऱ्या आठवड्यात नवे सिनेमे आले की जुना छोट्या स्क्रीनवर ढकलला जातो, तिकीट मात्र तेवढंच.

पॉपकॉर्नचा मोठा डबा घ्यायचा मोह आवरा. नंतर जेवायचं असेल तर दोघांत एक लहान पुरे. भुकेपेक्षा त्यातल्या मिठाचा त्रास जास्त. मिठाने तहान लागते, तहानेला मोठा पेला येतो आणि मूत्राशयात ३०० ते ४०० मिलिलिटर साठलं की ऐन रंगात आलेला प्रसंग सोडून उठावं लागतं.

हॉटेल निवडताना लोक चव बघतात. मी म्हणेन, या बेतापुरता आधी आवाज बघा. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच डॉक्टर एत्येन लोम्बार यांनी १९११ मध्येच मांडलं होतं. हॉटेलात ते साखळीने होतं. एक टेबल मोठ्याने बोलतं, म्हणून शेजारचं आणखी मोठ्याने. काचेच्या भिंती, उघडी फरशी, नुसतं सिमेंटचं छत असेल तर आवाज परतून येत राहतो. पडदे, गाद्यांच्या खुर्च्या, टेबलक्लॉथ असले की तो मुरतो. फोनवरचं आवाज मोजणारं ॲप तंतोतंत नसतं, पण अंदाजाला पुरतं. ७० डेसिबलच्या आत आरामात बोलता येतं, ८० ला एकमेकांकडे वाकून ओरडावं लागतं. कोपऱ्यातलं, पाठीशी भिंत असलेलं टेबल मागा. स्वयंपाकघराचं दार, स्पीकर आणि एसीचा झोत या तिन्हींपासून लांब. चौघांचं टेबल मिळालं तर समोरासमोर न बसता काटकोनात बसा, अंतर कमी होतं.

तीन तासांच्या भुकेने ऑर्डर नेहमी जास्तच जाते. दोघांत एक स्टार्टर आणि दोन मुख्य पदार्थ भरपूर झाले. त्यातही एकाने भट्टीतलं मागवलं आणि दुसऱ्याने तळलेलं, तर पहिल्याला २५ मिनिटं लागतात, दुसऱ्याचं ८ मिनिटांत समोर येतं. मग एक जण गार होणाऱ्या ताटाकडे बघत थांबतो, नाहीतर एकटाच खाऊन मोकळा होतो. ऑर्डर देतानाच ‘दोन्ही एकत्र आणा’ म्हणून सांगितलं की वेटर चिठ्ठीवर तशी खूण करतो आणि तळणीचा पदार्थ उशिरा टाकला जातो. हे नंतर सांगून उपयोग नसतो, चिठ्ठी आत गेली की गेली.

बिलात तीन गोष्टी बघायच्या: न मागवलेलं बाटलीबंद पाणी, पदार्थांची संख्या आणि सर्व्हिस चार्ज. तो आधीच लावलेला असेल तर वेगळी टिप द्यायची गरज नाही. ‘तिकीट तुझं, जेवण माझं’ हा वाटा सरळ दिसतो, पण जेवण जवळजवळ नेहमीच महाग पडतं. त्यापेक्षा एकाने सगळं भरावं आणि तिकिटावरची बुकिंग फी धरून अर्धे पैसे त्याच रात्री वळते करावेत. दुसऱ्या दिवशी मागायला दोघांनाही संकोच वाटतो.