फाट्यावरची वही

आपल्या शाळेच्या महोत्सवाच्या निमित्तानं हे लिहितोय. 1996 साली मी आपल्या शाळेतून दहावी झालो. आज एसटीत चालक आहे आणि बहुतेक दिवस कोल्हापूर-रत्नागिरी गाडी माझ्याकडं असते. सुमारे 130 किलोमीटरचा हा रस्ता मला गाडी शिकायच्या कितीतरी आधीपासून पाठ होता, तो कोल्हापूरजवळच्या आपल्या केर्लीच्या फाट्यामुळं आणि भूगोलाच्या सरांमुळं.

सातवीत सरांनी प्रत्येकाला एक वही घालायला लावली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तासभर फाट्यावर झाडाखाली बसायचं आणि येईल ती गाडी लिहायची. एमएच 09 आपली कोल्हापूरची, 10 सांगली, 11 सातारा, 08 रत्नागिरी, 07 सिंधुदुर्ग, केए 22 बेळगाव. नंबरापुढं गाडीतला माल. दिवाळी झाली की पानंच्या पानं उसानं भरायची. बैलगाडीवाल्याला ओरडून विचारायचं, "मामा, कुठल्या कारखान्याला?" कुणी कुंभी म्हणायचा, कुणी आसुर्ले-पोर्ले. उन्हाळ्यात हापूसच्या पेट्यांचे टेम्पो यायचे. मासळीची गाडी डोळे मिटून ओळखू यायची; ती गेली तरी डांबरावर पाण्याची ओली रेघ बराच वेळ राहायची.

सोमवारी सर वह्या चाळायचे. एकदा त्यांनी विचारलं, "मासळी घाट चढून वर येते. मग वरनं खाली काय जातं?" सगळा वर्ग गप्प. आम्ही आपले येणाऱ्या गाड्यांकडंच बघत बसलो होतो, रस्त्याची दुसरी बाजू कुणी लिहिलीच नव्हती. पुढच्या शनिवारी लिहिली. गुळाचे रवे, साखरेची पोती, भाजीपाला. त्या तासाला सरांनी फळ्यावर आंबा घाट काढला. वर काळी माती, खाली तांबडी. इथं ऊस, तिथं आंबा-काजू. आणि एकाचं दुसऱ्याला लागतं म्हणून हा रस्ता. वाघबीळ, बांबवडे, मलकापूर, आंबा, साखरपा, पाली, हातखंबा ही नावं आम्ही पाढ्यासारखी म्हणायचो. हातखंब्याला मुंबई-गोवा रस्ता आडवा येतो, म्हणजे तिथंही आपल्यासारखाच फाटा असणार, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. नोकरीत पहिल्यांदा हातखंब्याला गाडी नेली तेव्हा त्या वर्गातच बसल्यासारखं झालं.

फाट्यावरच्या पोरांना दुसरं काम म्हणजे वाट सांगणं. गाडी थांबली की काच खाली व्हायची. जोतिबाला कुठनं? पन्हाळा किती लांब? आणि रोजचा घोळ केर्ली की केर्ले. दोन्ही गावं शेजारी, नावात एका मात्रेचा फरक. लग्नाचं वऱ्हाड चुकीच्या गावात उतरलेलं मी बघितलंय. सरांची सक्त ताकीद होती, माहीत असेल तर नीट सांगायचं, नसेल तर "माहीत नाही" म्हणायचं, पण अंदाजानं कुणाला वाटेला लावायचं नाही. आजही प्रवाशानं काही विचारलं की मला ते शब्द ऐकू येतात.

चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा; तिच्या आधी चार-सहा दिवस तर फाटा आपला राहायचाच नाही. चालत येणारे, बैलगाड्या, खांद्यावर देवाच्या उंच सासनकाठ्या, "चांगभलं"चा गजर. शाळेच्या व्हरांड्यात यात्रेकरू झोपायचे आणि सकाळी आम्ही झाडायला गेलो की केरात निम्मा गुलाल असायचा. बायका चुलीवर भाकऱ्या टाकायच्या, आम्ही कळशीनं पाणी पोचवायचो. कुठल्या कुठल्या जिल्ह्यातली माणसं आपल्या शाळेचं पाणी पिऊन डोंगर चढली.

पावसाळ्यात सगळं उलट. आंबेवाडीजवळ रेडे डोह फुटला, म्हणजे पंचगंगेचं पाणी पात्र सोडून रस्त्यावर आलं, अशी बातमी आली की कोल्हापूरकडचा रस्ता संपला. नदीची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ मोजतात; 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका, हे आकडे आम्हाला पहिलीपासून तोंडपाठ. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. मी रत्नागिरीहून येत होतो आणि गाडी आपल्याच फाट्याला थांबवावी लागली. पुढं नुसतं पाणी. शिवाजी पुलापर्यंत डोळ्यांना दिसणारं शहर आणि जायला वाट नाही. गाडीत 31 प्रवासी, त्यात एक बाळंतीण आणि मिरजेला दवाखान्यात निघालेले एक आजोबा. मी शाळेत गेलो. शिपाईमामांनी काही न विचारता कुलपं काढली. अंधार पडायच्या आत घराघरातनं भाकरी-झुणका आला, बाळंतिणीला शेजारच्या घरात नेलं, आजोबांसाठी गावातले डॉक्टर आले. माझ्या वाट्याला सातवीची खोली आली. दिवे नव्हते. फळ्याखाली पाठ टेकून रात्रभर जागा होतो. बाहेर ट्रकवाले हिंदीत, कानडीत बोलत होते.

आता एका गोष्टीबद्दल कळकळीनं लिहितो. आम्ही आठवीत असताना पाचवीतला एक मुलगा रस्ता ओलांडताना ट्रकखाली जाता जाता वाचला. दप्तर मात्र चाकाखाली गेलं. दुसऱ्या दिवसापासून सर शाळा भरताना आणि सुटताना लाल फडकं घेऊन फाट्यावर उभे राहू लागले, ते निवृत्त होईपर्यंत. पाऊस असो, यात्रा असो. तेव्हा गाड्या मोजता येत होत्या. आता हा 166 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे, रुंदीकरणाची कामं निघालीत आणि रस्ता रुंद झाला की गाडीचा वेग वाढतो, हे मी स्टिअरिंगवर बसून सांगतो. महोत्सवाच्या निधीतून कमान, रंगरंगोटी जरूर करावी. पण त्याआधी माजी विद्यार्थ्यांनी मिळून शाळेसमोर मुलांना सुरक्षित ओलांडता येईल अशा सोयीसाठी पाठपुरावा करावा. कागदपत्रांसाठी माझी सुट्टीची कुठलीही तारीख धरा.

माझी सकाळची गाडी साधारण शाळा भरायच्या वेळेला फाट्यावर येते. कडेला पोरं दिसली की मी अलीकडंच थांबतो, दिवे लुकलुकते ठेवतो आणि हात बाहेर काढून मागच्यांना थोपवतो. कंडक्टर खाली उतरतो. शेवटचं दप्तर पलीकडं पोचलं की तो घंटी देतो.